पोपट, पाळीव : आक्रमक वर्तन

माणसाच्या सहवासात वाढलेला, हातावर निःशंकपणे बसणारा पोपट एकाएकी चावू लागणे, पिंजऱ्यात हात घालू न देणे किंवा घरातील विशिष्ट व्यक्तीच्या अंगावर झेपावणे, अशा प्रकारच्या वर्तनाचा यात अंतर्भाव होतो. पोपट पाळणाऱ्यांच्या तक्रारींपैकी ही एक नेहमीची तक्रार असून पक्षी टाकून देण्याचे किंवा दुसऱ्याला देऊन टाकण्याचे ते एक प्रमुख कारण ठरते. पाळणाऱ्याला हा बदल अचानक झाल्यासारखा व पुष्कळदा कृतघ्नपणाचा वाटतो. वस्तुतः तो क्वचितच अचानक असतो. चावा ही एका लांब साखळीची शेवटची कडी असते आणि तिच्या आधीच्या कड्या न दिसल्यामुळे ती एकटीच लक्षात राहते. या वर्तनावरील बहुतेक सर्व उपाय या साखळीच्या ज्ञानावर आधारलेले आहेत.

पार्श्वभूमी : पोपटांच्या गणाचे नाव सिटॅसिफॉर्मिस असून त्यात सु. ४०० जातींचा समावेश होतो. भारतात पोपट पाळण्याची परंपरा प्राचीन आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात दिलेल्या चौसष्ट कलांत पोपट व मैना यांना बोलावयास शिकविणे ही एक कला सांगितली आहे. तथापि इतक्या दीर्घ सहवासानंतरही पोपट हा कुत्रा, गाय किंवा कोंबडी यांच्या अर्थाने पाळीव प्राणी झालेला नाही. कुत्रा हजारो वर्षांच्या निवडक पैदाशीने माणसाळला. याउलट पिंजऱ्यातील देशी पोपट हा बहुधा रानातील ढोलीतून काढलेले पिल्लू किंवा जाळ्यात धरलेला पक्षी असतो. बंदिवासात पैदास केलेले परदेशी पोपटही रानटी पूर्वजांपासून फार थोड्या पिढ्यांच्या अंतरावर असतात. ऑस्ट्रेलियातील बजरीगर हा याला काहीसा अपवाद असून १८४० मध्ये तो इंग्लंडमध्ये नेण्यात आल्यापासून त्याची मोठ्या प्रमाणावर पैदास होत आली आहे. भारतातील बाजारांत तो चुकीने ‘लव्ह बर्ड’ या नावाने विकला जातो. सारांश, घरातील पोपट माणसाला सरावलेला असतो, पण त्याच्या उपजत प्रेरणा रानातल्याच राहतात.

चोच व तिचा उपयोग : पोपटाच्या चोचीचा वरचा भाग कवटीशी लवचिकपणे जोडलेला असल्याने तो स्वतंत्रपणे हलू शकतो. जबड्याचे स्नायू भक्कम असतात आणि जीभ जाड व मांसल असते. कठीण कवचाची फळे फोडणे, चढताना आधार घेणे, पिसे साफ करणे, ढोली कोरणे आणि अनोळखी वस्तू चाचपून पाहणे ही सर्व कामे चोचीनेच होतात. त्यामुळे चोच लावण्याची प्रत्येक क्रिया आक्रमक नसते. पिल्ले तर लहान मुलांप्रमाणे प्रत्येक वस्तू तोंडात धरून पाहतात. हातावर चढण्यापूर्वी पोपट बोटाला चोच टेकवितो ती आधार पक्का आहे की नाही हे पाहण्यासाठी. अशा वेळी हात झटकन मागे घेतल्यास पक्षी घाबरतो आणि पुढच्या वेळी तो बोट घट्ट धरतो. चावण्याच्या सवयीचा प्रारंभ अनेकदा या गैरसमजातून होतो.

पूर्वसूचना : चावण्यापूर्वी पोपट जवळजवळ नेहमीच काही खुणा करतो. मान व डोक्यावरील पिसे फुलविणे किंवा उलट सर्व पिसे अंगाशी घट्ट चिकटवून ताठ होणे, शेपटी पंख्यासारखी पसरणे, मान पुढे काढून चोच उघडी ठेवणे, अंग एका बाजूस झुकविणे, पाय उचलून दूर सरकणे आणि फुत्कार किंवा गुरगुर करणे या त्यांपैकी प्रमुख खुणा होत. पक्ष्यांच्या परितारिकेत (बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्यात) रेखित स्नायू असल्यामुळे पोपटाला बाहुली झपाट्याने लहानमोठी करता येते. ॲमेझॉन व आफ्रिकी करडा पोपट यांत ही क्रिया विशेष ठळकपणे दिसते. ती उत्तेजनाची खूण असून आनंदाचीही असू शकते. मात्र फुललेली पिसे व पसरलेली शेपटी यांच्या जोडीने ती दिसल्यास हात दूर ठेवणे इष्ट ठरते. या खुणांकडे वारंवार दुर्लक्ष झाले, म्हणजे त्या निरुपयोगी असल्याचे पक्षी शिकतो व त्या गाळून थेट चावतो. ‘काही कारण नसताना चावला’ असे ज्या पक्ष्याविषयी म्हटले जाते, त्याची खुणांची भाषा बहुधा अशा रीतीने लोपलेली असते.

कारणे : आक्रमकतेची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील. एका पक्ष्याच्या बाबतीत त्यांपैकी अनेक कारणे एकत्र असू शकतात.

(१) आजार व वेदना : दुर्बळ दिसणाऱ्या पक्ष्यावर शिकारी प्राणी प्रथम झडप घालतात, त्यामुळे आजार लपविण्याची प्रवृत्ती पक्ष्यांत असते. स्वभावातील बदल हे पुष्कळदा त्याचे पहिले दृश्य लक्षण असते. सांधेदुखी, पायाच्या तळव्यावरील व्रण, यकृताचे विकार, संसर्ग, जुन्या रंगातील शिशाची किंवा जस्तलेपित तारेतील जस्ताची विषबाधा यांमुळे शांत पक्षी चिडखोर होऊ शकतो. पिसे झडून नवी येत असताना रक्ताने भरलेले कोवळे कोंब दुखरे असतात व त्या काळात स्पर्श नकोसा वाटतो.

(२) वयात येणे व विणीचा हंगाम : भारतात सर्वांत अधिक पाळला गेलेला पोपट म्हणजे सिटॅक्युला क्रॅमेरी हे शास्त्रीय नाव असलेला कंठवाला पोपट. त्याची लांबी शेपटीसह सु. ४० सेंमी. असते. याचे पिल्लू माणसाच्या हातून भरवून घेते, त्याच्या मागे फिरते व कुरवाळूनही घेते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते वयात येते. नराच्या मानेभोवती काळे व गुलाबी वलय उमटते आणि त्याच सुमारास वर्तन पालटते. लहानपणापासून माणसांतच वाढलेला पक्षी माणसालाच आपल्या जातीचा समजू लागतो. तो घरातील एका व्यक्तीला जोडीदार मानून तिच्यापुढे माना डोलावतो, तिला भरविण्यासाठी अन्न ओकतो आणि तिच्याजवळ येणाऱ्या इतरांवर तुटून पडतो. प्रतिस्पर्धी जवळ आला असता काही वेळा तो खुद्द त्या प्रिय व्यक्तीलाच चावतो. या जातीत मादी वर्षाचा बराच काळ नरावर वर्चस्व गाजविते व त्याला चोचीने दूर हाकलते. म्हणून मादी पाळली असता तिचा तिखटपणा अधिक जाणवतो. महाराष्ट्रात या पक्ष्याची वीण मुख्यतः हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत होते व पिंजऱ्यातील पक्ष्याची चिडही साधारणपणे याच काळात वाढते. दिवसाची लांबी, मुबलक व पौष्टिक अन्न, ढोलीसारखी अंधारी जागा आणि जोडीदाराचा स्पर्श यांमुळे प्रजोत्पादक हॉर्मोनांचा (वाहिनीविहीन ग्रंथींतून रक्तात मिसळणाऱ्या उत्तेजक स्रावांचा) जोर वाढतो. रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे, कपाटाखालची किंवा खोक्यातली जागा आणि पाठीवरून वा पंखांखाली कुरवाळणे यांमुळे घरात नेमकी हीच परिस्थिती नकळत निर्माण होते.

(३) भीती : पोपट हा भक्ष्य होणारा पक्षी आहे. घार, ससाणा यांची झडप वरून येते. म्हणून डोक्यावरून येणारा हात त्याला भयप्रद वाटतो. पिंजऱ्याची जागा बदलणे, नवे माणूस, चष्मा, टोपी किंवा एखादी अनोळखी वस्तू एवढ्यानेही तो बिथरू शकतो. रानात भ्यालेला पोपट उडून जातो. पिंजऱ्यात किंवा पंख कापलेल्या स्थितीत तो मार्ग बंद असल्याने चावणे हा एकच उपाय त्याच्या हाती उरतो.

(४) हद्दीचे रक्षण : पिंजरा, खाण्याचे भांडे किंवा आवडती जागा पक्षी आपली मानतो. पिंजऱ्याबाहेर हातावर बसणारा पक्षी आत घातलेल्या हाताला चावतो, यात विसंगती नाही.

(५) अपुरे जीवनमान : रानातील काही जातींचे पोपट दिवसाचे चार ते सहा तास अन्नाच्या शोधात घालवितात. पिंजऱ्यात भरलेल्या वाटीतून तेच काम अल्पावधीत संपते व उरलेला दिवस रिकामा जातो. ॲमेझॉन पोपटांवर अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत अन्न शोधण्याची संधी व चढण्या-कुरतडण्याची साधने मिळालेल्या पक्ष्यांत पिसे उपटण्याची विकृती टळते वा कमी होते, असे आढळून आले. कंटाळा, एकटेपणा व अपुरी झोप यांचा ताण पक्ष्याची सहनशक्ती कमी करतो.

सवय पक्की होण्याची प्रक्रिया : प्रारंभीचे कारण कोणतेही असो, चावण्याची सवय पक्की होते ती शिकण्यामुळे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ्. स्किनर यांनी विसाव्या शतकात मांडलेल्या साधक अभिसंधानाच्या उपपत्तीनुसार ज्या कृतीचा परिणाम प्राण्याला हितकर ठरतो, ती कृती पुन्हा घडण्याचा संभव वाढतो. यास प्रबलन म्हणतात. नको असलेला हात चावल्यावर दूर जातो, हे पोपटाच्या दृष्टीने यशच होय. चावल्यानंतर होणारी आरडाओरड, धावपळ व मिळणारे लक्ष हेही एकट्या पक्ष्याला बक्षिसासारखे वाटू शकते. चावल्यावर त्याला गप्प करण्यासाठी पेरूची फोड दिली, तर सवय आणखी दृढ होते. अशी फळे कधी मिळतात व कधी मिळत नाहीत, तेव्हा ती सवय मोडणे अधिकच कठीण जाते. प्रतिसाद देणे बंद केल्यावर वर्तन थांबण्यापूर्वी काही काळ ते वाढते. या टप्प्यावर धीर सोडून पूर्ववत वागल्यास जोराने चावणे फलदायी असते, एवढाच धडा पक्षी घेतो.

उपाय : पोपटाचे वर्तन अचानक बदलल्यास पहिली पायरी म्हणजे पक्ष्यांच्या रोगांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून तपासणी. वजन, विष्ठेचा रंग व घट्टपणा, भूक आणि झोप यांची नोंद बरोबर नेल्यास निदानास मदत होते. शारीरिक कारण नसल्याची खात्री झाल्यावरच पुढील उपाय योजावेत.

दुसरी पायरी निरीक्षणाची. पक्षी केव्हा, कोठे व कोणाला चावला, त्याआधी काय घडले आणि त्यानंतर माणसांनी काय केले, याची टिपणे दोन आठवडे ठेवल्यास बहुधा एक निश्चित आकृतिबंध दिसू लागतो. ‘पोपट रागीट झाला आहे’ या विधानातून काहीच करता येत नाही. ‘संध्याकाळी दिवे लागल्यानंतर पिंजऱ्यात हात घातला की चावतो’ या विधानातून उपायाची दिशा कळते.

तिसरी पायरी म्हणजे परिस्थितीत बदल. रोज दहा ते बारा तास अंधारी व शांत झोप द्यावी. खोकी, आरसे व अंधारे कोपरे काढून टाकावेत. स्पर्श डोके व मान यांपुरताच मर्यादित ठेवावा. केवळ सूर्यफुलाच्या बिया किंवा भिजवलेली डाळ व हिरवी मिरची हा आहार अपुरा असून त्यात अ जीवनसत्त्व व कॅल्शियम कमी पडते. शेवग्याची पाने, गाजर, तांबडा भोपळा, कोथिंबीर व पशुवैद्याने सांगितलेला संतुलित आहार यांची त्याला जोड द्यावी. (तिखटाची आग पक्ष्यांना जाणवत नाही, त्यामुळे मिरचीने पोपट तापट होतो या समजुतीस आधार नाही.) अन्न कागदाच्या पुडीत, मक्याच्या सालीत किंवा नारळाच्या करवंटीत दडवून ठेवल्यास ते शोधण्यात पक्ष्याचा वेळ जातो. कुरतडण्यासाठी पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या ताज्या, फवारणी न केलेल्या डहाळ्या द्याव्यात. पिंजरा पंख पूर्ण पसरता येतील एवढा मोठा व एका बाजूने भिंतीलगत असावा, म्हणजे पाठीमागून धोका नसल्याची खात्री पक्ष्याला वाटते.

चौथी पायरी शिक्षणाची. काठीच्या टोकाला चोचीने स्पर्श केल्यावर आवडता खाऊ देणे, या साध्या पाठाने प्रारंभ करावा. हे पिंजऱ्याच्या गजांतूनही करता येते व त्यात चाव्याचा धोका नसतो. यानंतर काठीच्या मागोमाग पिंजऱ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मग दारातून बाहेर व अखेर दांडीवर आणि हातावर असा टप्प्याटप्प्याने क्रम ठेवावा. प्रत्येक पाठ पाच-दहा मिनिटांचा असावा व पक्षी शांत असतानाच तो संपवावा. ज्या व्यक्तीचा त्याला राग येतो, तिने दूर उभे राहून खाऊ टाकण्यापासून सुरुवात करावी आणि अंतर हळूहळू कमी करावे. पक्ष्याने मान वळविली किंवा तो मागे सरला, तर तो नकार समजून थांबावे. नकार मानला जातो हे कळलेल्या पक्ष्याला चावण्याची गरज उरत नाही. या शिक्षणास काही आठवडे, काही पक्ष्यांच्या बाबतीत अनेक महिने लागतात.

प्रत्यक्ष चावला असता हात झटकू नये, ओरडू नये व पक्ष्याला मारू नये. जवळच्या दांडीवर शांतपणे उतरवून काही मिनिटे दूर व्हावे. चिडलेला पक्षी खांद्यावर कधीही घेऊ नये, कारण तेथून डोळे, कान व ओठ चोचीच्या टप्प्यात येतात. लहान मुलांच्या बाबतीत ही दक्षता विशेष आवश्यक आहे. विणीच्या हंगामातील तीव्र आक्रमकतेवर हॉर्मोनांचा स्राव रोखणारी औषधे पशुवैद्य देऊ शकतात; ती केवळ त्यांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असतात व परिस्थितीतील बदलाला पर्याय ठरत नाहीत.

टाळावयाचे उपाय : चोचीवर टिचकी मारणे, तोंडावर पाणी उडविणे, पिंजरा हलविणे, उपाशी ठेवणे व अंधारात कोंडणे हे उपाय भीती वाढवितात आणि पुढील चावा अधिक जोराचा होतो. उंच जागी बसलेला पोपट स्वतःला वरचढ समजतो, म्हणून त्याला नेहमी खाली ठेवावे असा सल्ला एके काळी दिला जाई. त्यास पुरेसा आधार नसल्याने वर्तनतज्ञ तो आता ग्राह्य मानीत नाहीत. उडणारी पिसे कापल्याने पक्षी हाताळण्यास सोपा वाटतो, परंतु त्याचा पळण्याचा मार्ग बंद होतो. एकट्या पक्ष्याला घाईने जोडीदार आणून देणेही धोक्याचे असून बलवान पक्षी नवागतास गंभीर जखमी करू शकतो.

चाव्यावरील उपचार : जखम साबण व वाहत्या पाण्याने धुऊन तीवर जंतुनाशक लावावे. जखम खोल असल्यास किंवा धनुर्वाताची लस घेऊन बराच काळ लोटला असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. आलर्क रोग (रेबीज) हा सस्तन प्राण्यांमार्फत पसरणारा रोग असून पोपटाच्या चाव्याने तो होत नाही. क्लॅमिडिया सिटॅसी या सूक्ष्मजंतूमुळे होणारा शुकरोग मात्र पोपटापासून माणसास होऊ शकतो. तो मुख्यतः वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासावाटे पसरतो. पक्षी सुस्त व फुललेला दिसणे, नाक व डोळे गळणे, हिरवट पातळ विष्ठा होणे आणि घरातील माणसास ताप व खोकला येणे या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

कायदेशीर बाजू व पक्षी सोडून देण्याचा प्रश्न : वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये कंठवाला पोपट, पहाडी पोपट, लाल डोक्याचा पोपट इ. भारतीय जातींचे पक्षी पकडणे, विकणे व पाळणे हा गुन्हा आहे. ही गोष्ट ठाऊक नसल्याने अनेक घरांत असे पक्षी आजही आढळतात. परदेशी जातींपैकी बहुसंख्य जाती संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या परिशिष्टांत आहेत. आफ्रिकी करड्या पोपटाचा समावेश २०१७ पासून सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात झाला. १९७२ च्या अधिनियमात २०२२ साली झालेली दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार अशा परिशिष्टांतील जिवंत पक्षी बाळगणाऱ्यास त्यांची नोंदणी करावी लागते.

चावणाऱ्या पोपटाचा कंटाळा येऊन पिंजऱ्याचे दार उघडण्याची कृती पुष्कळांना भूतदयेची वाटते. तथापि माणसाच्या हातून वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधणे, शत्रू ओळखणे व थव्यात मिसळणे अवगत नसते. उडण्याचा सराव नसलेला असा पक्षी लवकरच भुकेने मरतो किंवा कावळे, मांजरे व शिकारी पक्षी यांच्या तडाख्यात सापडतो. परदेशी पक्षी सोडल्यास देशी पक्ष्यांत रोग पसरण्याचाही धोका असतो. देशी पोपट वन विभागाच्या किंवा त्याने मान्यता दिलेल्या बचाव केंद्राच्या स्वाधीन करणे हाच उचित मार्ग होय. तेथे त्याची तपासणी होऊन पुनर्वसन शक्य आहे की नाही हे ठरविता येते.

कंठवाला पोपट बंदिवासात २० ते ३० वर्षे जगू शकतो व मोठ्या जातींचे पोपट त्याहूनही अधिक काळ जगतात. त्यांतील लाडक्या पिल्लाची वर्षे पहिली दोन-तीनच असतात. उरलेले आयुष्य प्रौढ पक्ष्याचे असते. वयात आल्यावर दिसणारी आक्रमकता हा स्वभावदोष नसून त्या पक्ष्याच्या जातीचा सामान्य धर्म आहे. प्रौढ पोपटाला त्याच्या जातीप्रमाणे जगू देणे आपल्याला शक्य आहे काय, हा प्रश्न पहिल्या चाव्यानंतर नव्हे, तर पक्षी घरी आणण्यापूर्वीच विचारला जाणे आवश्यक असते.